वेगाचा आकडा आणि चेंडूची जागा

दर वर्षी जुलैमध्ये अमेरिकन बेसबॉलमध्ये नव्या खेळाडूंची निवड करणारा ड्राफ्ट होतो आणि पुढचे काही आठवडे कोणत्या क्लबने कोणता तरुण पिचर उचलला याचीच चर्चा चालते. तिचा साचा ठरलेला आहे. मुलाचं नाव, त्याची शाळा किंवा कॉलेज, उंची आणि लगेच फास्टबॉलचा वेग: ताशी 98 मैल, 100 मैल, 102 मैल. हा आकडा उच्चारला की मूल्यमापन आटोपलं असं धरलं जातं. चेंडू कुठे टाकायचा होता आणि तो गेला कुठे, हे फारसं कोणी विचारत नाही. पिचरच्या बाबतीत विचारायला हवा तो प्रश्न मात्र हाच आहे.

निवडलेली पोरं क्लबच्याच हाताखाली घडवण्याची, म्हणजे फार्म सिस्टीमची कल्पना रुजवली ब्रँच रिकी यांनी. 1920च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सकडे श्रीमंत क्लबांइतका पैसा नव्हता. तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा छोटे क्लब हाताशी धरून तिथे पोरं घडवावीत, असं रिकींनी ठरवलं. आज प्रत्येक मेजर लीग क्लबच्या खाली सिंगल ए, हाय ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा मायनर लीगच्या चार पायऱ्या आहेत आणि त्यांच्याही खाली अगदी नवख्यांच्या लीग. खेळाडूला 20 ते 80 या पट्टीवर गुण देण्याची स्काउटांची पद्धतही रिकींच्याच नावावर सांगितली जाते. 50 म्हणजे मेजर लीगमधली सरासरी. फास्टबॉल, कर्व्हबॉल, स्लायडर, चेंजअप आणि शेवटी कमांड, म्हणजे चेंडू हवा तिथे टाकण्याचं कसब. प्रत्येकाला स्वतंत्र गुण. कागदावर ही पट्टी समतोल दिसते. प्रत्यक्षात फास्टबॉलचे 80 गुण कमांडचे 30 गुण झाकून टाकतात.

त्यामागे एक जुनं, घट्ट बसलेलं गृहीतक आहे. वेग उपजत असतो, तो शिकवता येत नाही. नेमकेपणा मागाहून येतो. म्हणून आधी जोरदार हात पदरात पाडून घ्या, बाकीचं प्रशिक्षक बघतील. स्काउटांच्या कितीतरी पिढ्या हे वाक्य ऐकत वाढल्या. आज त्यांच्या जागी संगणक घेऊन बसलेले तरुण विश्लेषक आले आहेत, पण गृहीतक तेच राहिलं आहे. त्याचे दोन्ही भाग तपासून पाहण्याजोगे आहेत, आणि तपासले तर दोन्ही डळमळतात.

पहिला भाग आधी घेऊ. मेजर लीगमधल्या फोर-सीम फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 मध्ये ताशी 91.3 मैल होता. 2024 मध्ये तो 94.2 झाला. सोळा वर्षांत माणसाचा खांदा आणि कोपर काही बदलले नाहीत. बदललं ते प्रशिक्षण. वजनाचे कमी-जास्त चेंडू, अतिवेगवान कॅमेरे, ताकदीचा शास्त्रशुद्ध व्यायाम, सिएटलजवळच्या ड्राइव्हलाइनसारख्या प्रयोगशाळा यांनी वेग ही शिकण्याची गोष्ट करून टाकली. यावर असं म्हणता येईल की क्लबांनी जोरात फेकणारेच निवडले आणि त्यांना थोड्याच इनिंग टाकायला दिल्या, म्हणून सरासरी चढली. त्यात तथ्य आहे. पण मग एकाच माणसाचा वेग वाढतो, त्याचं काय?

जेकब डीग्रॉम कॉलेजात मुख्यतः शॉर्टस्टॉप होता. 2010 मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला नवव्या फेरीत घेतलं आणि त्याच वर्षी त्याच्या कोपराचा अस्थिबंध नव्याने बसवणारी टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. मेजर लीगमध्ये तो 2014 मध्ये, पंचविशी उलटल्यावर आला. पहिल्या हंगामात त्याच्या फास्टबॉलची सरासरी ताशी 94 मैलांच्या आसपास होती. 2021 मध्ये, तेहतिशीत, ती 99 मैलांवर गेली. वेग फक्त उपजत असता तर तो वयाच्या तेविशीत दिसायला हवा होता.

क्लीव्हलंडने तर आधी नेमकेपणा आणि मग वेग या उलट्या वाटेवर आख्खं धोरण उभं केलं. 2016च्या एकाच ड्राफ्टमधून त्यांनी तिसऱ्या फेरीत एरन सिव्हाली, चौथ्या फेरीत शेन बीबर आणि बाराव्या फेरीत झॅक प्लीसॅक असे तीन पिचर घेतले आणि तिघेही मेजर लीगमध्ये पोहोचले. कॉलेजात बीबरचा फास्टबॉल डोळ्यांत भरण्यासारखा नव्हता. भरण्यासारखी होती ती त्याची अचूकता: 2017 मध्ये मायनर लीगच्या 173 इनिंगांत त्याने फक्त 10 वॉक (चार बॉल पडल्यावर फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) दिले. वेग क्लबने नंतर वाढवून घेतला, आणि 2020 मध्ये बीबरला लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळाला.

आता त्याच 2016च्या ड्राफ्टमध्ये बीबरच्या कितीतरी आधी, चौथ्या क्रमांकावर कोलोरॅडो रॉकीजने कोणाला घेतलं ते बघा. कॅन्ससच्या शाळेतला राइली पिंट. वेग ताशी 100 मैलांच्या वर, बोनस 48 लाख डॉलर. पुढची पाच वर्षं स्ट्राइक झोनचा शोध घेण्यात गेली. 2021 मध्ये त्याने खेळ सोडला, मग परत आला. मेजर लीगचं मैदान दिसायला 2023 उजाडलं. त्याआधी 2014 मध्ये मायामी मार्लिन्सने दुसऱ्या क्रमांकावर टेक्ससचा टायलर कोलेक घेतला. त्याचाही वेग शंभरी पार. तो मेजर लीगमध्ये कधीच पोहोचला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये सातव्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने एरन नोला घेतला. ‘फार मोठा होणार नाही, पण भरवशाचा आहे’ अशी त्याची ख्याती होती. नोला तेरा महिन्यांत मेजर लीगमध्ये उभा राहिला आणि तिथे टिकला.

दोन-चार उदाहरणांनी सिद्धांत उभा राहत नाही, हे मान्य. पण नेमकेपणा मागाहून येतो असं म्हणणाऱ्यांनी स्टीव्ह डालकोव्स्कीचं आयुष्य आठवावं. 1957 मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने घेतलेला हा डावखुरा पिचर आजवरचा सर्वांत वेगवान होता, असं त्याला पाहिलेल्या अनेकांचं ठाम मत होतं. 1960 मध्ये स्टॉकटनकडून खेळताना 170 इनिंगांत त्याने 262 फलंदाज स्ट्राइक आउट केले आणि 262 जणांना वॉक दिले. 1962 मध्ये एल्मायरा इथे अर्ल वीव्हर या व्यवस्थापकाने त्याला जोर कमी करून चेंडू प्लेटवर ठेवायला सांगितलं. त्या हंगामात 160 इनिंगांत वॉक 114 वर आले. पुढच्या वसंतात, मेजर लीगच्या उंबरठ्यावर, त्याचा हात गेला. डालकोव्स्की मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. त्याला वेग कमी करायला सांगणारा माणूस भेटायला पाच वर्षं लागली, आणि ही पाच वर्षं त्या वेगाच्या कौतुकात गेली, हे या गोष्टीतलं खरं दुःख आहे.

यावर दोन नावं हमखास पुढे केली जातात. रँडी जॉन्सन 1990, 1991 आणि 1992 अशी सलग तीन वर्षं अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक वॉक देत होता. नंतर त्याने पाच साय यंग जिंकले. रॉय हॅलडे पहिल्या फेरीत निवडलेला. 2000 मध्ये त्याचा ईआरए (नऊ इनिंगांमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावांची सरासरी) 10.64 होता. 2001 मध्ये टोरंटोने त्याला थेट सिंगल एच्या स्तरावर उतरवलं, मेल क्वीन यांनी त्याच्या हाताचा कोन खाली आणला, आणि 2003 मध्ये तोच हॅलडे साय यंगचा मानकरी ठरला. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि मोठ्या. पण हॅलडेच्या नव्या कोनातून चेंडू सरळ जायचा थांबला आणि वळू लागला, त्यामुळे लहानसहान चूक पोटात घालायला जागा मिळाली. चेंडूची जात बदलता येते, याचाच तो पुरावा आहे. योहान सँटाना 2002 मध्ये एडमंटनला बॉबी क्वेयार यांच्या हाताखाली चेंजअप घोटून घोटून शिकला. कॉर्बिन बर्न्सचा ईआरए 2019 मध्ये 8.82 होता, कटर हे मुख्य अस्त्र केल्यावर 2021 मध्ये त्याने हंगामातला पहिला वॉक देण्याआधी 58 फलंदाज स्ट्राइक आउट केले. वेग वाढवता येतो, नवी चेंडूफेक शिकवता येते. नेमकेपणा शून्यातून उभा केल्याची उदाहरणं मात्र इतकी मोजकी आहेत की प्रत्येक वादात तीच दोन नावं ऐकू येतात.

इतर मतांवर फार वेळ घालवायचं कारण नाही. ‘पिचिंग प्रॉस्पेक्ट नावाची चीजच अस्तित्वात नाही, म्हणून फलंदाज घडवा आणि पिचर विकत घ्या’ हे मत म्हणजे अवघड प्रश्नाकडे पाठ फिरवणं आहे. सगळ्यांनी विकतच घ्यायचे ठरवले तर घडवणार कोण? बुटका पिचर टिकत नाही म्हणणाऱ्यांना पेड्रो मार्टिनेझ हे एकच नाव पुरेसं आहे. अंगकाठीवर शंका घेऊन डॉजर्सने त्याला 1993 मध्ये देऊन टाकलं होतं. आणि मायनर लीगच्या आकड्यांवर विसंबणाऱ्यांची अडचण वेगळी आहे, ती सांगायला मूळ भेदाकडे यावं लागतं.

हा भेद म्हणजे कंट्रोल आणि कमांड यांच्यातला. कंट्रोल असलेला मुलगा स्ट्राइक टाकतो. कमांड असलेला मुलगा स्ट्राइक झोनमधल्या ठरवलेल्या कोपऱ्यात चेंडू टाकतो, आणि गरज असेल तेव्हा मुद्दाम झोनच्या दोन बोटं बाहेर. प्लेट 17 इंच रुंद असते आणि पिचर साठ फूट सहा इंचांवर उभा असतो. सिंगल एच्या पोरांना मधोमध आलेला वेगवान चेंडूही चुकतो, त्यामुळे तिथे नुसत्या कंट्रोलवर भागतं, वॉक कमी दिसतात आणि यादीत नाव वर चढतं. डबल एमध्ये फलंदाज तो चेंडू कुंपणापलीकडे धाडतो. म्हणून वॉकचा कमी आकडाही पुरेशी साक्ष देत नाही. बघायला हवं ते हे, की चुकलेला चेंडू कुठे जातो. कसबी पिचरची चूक झोनच्या बाहेर पडते, कच्च्या पिचरची मधोमध. दोन बॉल आणि शून्य स्ट्राइक असताना मुलगा काय टाकतो, तोच फलंदाज तिसऱ्यांदा समोर आला की काय टाकतो, थकल्यावर पाऊल त्याच जागी पडतं का, यावरून ते कळतं. असा कसबी पिचर म्हणजे काइल हेंड्रिक्स. डार्टमथ कॉलेजचा, आठव्या फेरीतला. फास्टबॉल ताशी 90 मैलांच्याही खाली. 2016 मध्ये 2.13 ईआरएसह तो साऱ्या मेजर लीगमध्ये पहिला होता.

मग हे बघितलं का जात नाही? कारण ते मोजता येत नाही. रडारगन एका क्षणात आकडा देते. मैदानांवर बसवलेले कॅमेरे चेंडूची फिरकी, वळण, हातातून सुटण्याची उंची सगळं टिपतात आणि त्यावरून ‘स्टफ’चे, म्हणजे चेंडूच्या जातीचे, गुण निघतात. कमांड मोजायची तर पिचरच्या मनात कोणती जागा होती हे ठाऊक हवं. पूर्वी कॅचरच्या मिटवरून त्याचा अंदाज बांधता यायचा. आता बरेच क्लब कॅचरला मिट मधोमधच धरायला सांगतात. त्यामुळे यंत्राला चेंडू दिसतो, हेतू दिसत नाही. मोजता येतं त्यालाच किंमत द्यायची, ही सवय विश्लेषकांना लागली आहे आणि ती घातक आहे.

भारतीय वाचकाला यातलं एक प्रकरण आठवत असेल. 2008 मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, पुढे आले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. दोघांनी बेसबॉल त्याआधी कधी खेळलेला नव्हता. पटेलला दोन हंगामांनंतर मोकळं करण्यात आलं. रिंकू जिद्दीने सिंगल एपर्यंत चढला. त्यांच्या कष्टांबद्दल आदरच वाटतो. पण पिचर शोधणं म्हणजे जोरदार हात शोधणं, ही समजूत त्या स्पर्धेच्या नावातच कोरलेली होती.

या समजुतीची किंमत आता साऱ्या खेळाला मोजावी लागते आहे. डिसेंबर 2024 मध्ये मेजर लीगनेच पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला आणि वेगाचा पाठलाग, ‘स्टफ’चा ध्यास आणि प्रत्येक चेंडूला पूर्ण जोर लावणं यांच्याकडे बोट दाखवलं. वाढवलेला वेग कोपर मागतो: डीग्रॉमवर 2023 मध्ये दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली, 2024 मध्ये बीबरचीही पाळी आली. वेग शिकवता येतो म्हणून तो वाटेल तितका शिकवावा असं नाही, हेही वेगाला प्रमाण मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

दुसरीकडे दार अरुंद होत चाललं आहे. मार्क बर्ली 1998 मध्ये अडतिसाव्या फेरीत निवडला गेला. फास्टबॉल बेताचा, पण चेंडू हवा तिथे. त्याने सलग चौदा हंगाम 200 हून अधिक इनिंग टाकल्या, 214 सामने जिंकले आणि 2009 मध्ये एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू न देता परफेक्ट गेम टाकला. आज ड्राफ्ट 20 फेऱ्यांचा आहे आणि फार्म क्लबांची संख्या 160 वरून 120 वर आणली गेली आहे. बर्लीसारख्या मुलाला मागच्या दाराने शिरायला जागा उरलेली नाही. म्हणून क्लबांनी निदान एवढं करावं: एखाद्या तरुण पिचरवर लाखो डॉलर लावण्याआधी एक अनुभवी स्काउट सलग काही सामने प्लेटच्या मागे बसवावा, त्याच्या हातात रडारगन देऊ नये, आणि प्रत्येक चुकलेला चेंडू कुठे पडला याचीच नोंद त्याच्याकडून मागावी.