पाण्यावरचा तवंग आणि मनातला संशय

एकदा खोटे बोललेला माणूस पुढे खरे बोलू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवण्यास आपण बांधील आहोत काय? 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे आणि तिचा बोधही ठरलेला आहे. परंतु त्या गोष्टीतील गावकऱ्यांचा विचार आपण फारसा करीत नाही. मेंढरे त्यांचीच होती. शेवटच्या हाकेला ते धावले नाहीत आणि नुकसान त्या पोराइतकेच त्यांचेही झाले. खोटे बोलणाऱ्याला अद्दल घडली, एवढे सांगून गोष्ट संपते. ज्यांना ते खोटे ऐकावे लागले त्यांनी पुढे कसे वागावे, हे ती सांगत नाही. मेक्सिकोच्या आखातात घडलेल्या एका दुर्घटनेच्या निमित्ताने आम्ही त्या गावकऱ्यांच्या बाजूने थोडा विचार करू इच्छितो.

२० एप्रिल २०१० च्या रात्री, अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटर अंतरावर, 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट झाला. बीपी या ब्रिटिश कंपनीसाठी तेथे 'मकाँडो' नावाची विहीर खोदण्याचे काम चालू होते. रिगवरील १२६ माणसांपैकी ११ जण मृत्युमुखी पडले. त्यांचे देहही घरच्यांच्या हाती लागले नाहीत. दोन दिवसांनी रिग बुडाली आणि सुमारे १५०० मीटर खोल पाण्याच्या तळाशी उघड्या पडलेल्या विहिरीतून ८७ दिवस तेल वाहत राहिले. १५ जुलैला तिचे तोंड बंद करण्यात यश आले आणि सप्टेंबरात ती सिमेंटने कायमची बुजविण्यात आली.

हा झाला घटनाक्रम. संशयाचे बीज मात्र आकड्यांत पडले. आरंभी तटरक्षक दलाने सांगितले, की गळती दिसत नाही. मग आकडा आला दिवसाला १००० पिंपांचा. चार दिवसांनी तो ५००० झाला. विहिरीच्या मुखाशी लावलेल्या कॅमेऱ्यांची चित्रे लोकप्रतिनिधींनी तगादा लावल्यावर मे महिन्यात बाहेर आली, तेव्हा ती पाहून विद्यापीठांतील अभ्यासकांनी सांगितले, की हा ओघ कितीतरी पटीने मोठा आहे. अखेर सरकारी शास्त्रज्ञांचा निष्कर्ष निघाला: आरंभी दिवसाला सुमारे ६२,००० पिंपे!

आता, दीड किलोमीटर पाण्याखालचा ओघ मोजणे अवघड असते हे कोणीही मान्य करील. अज्ञान हा अपराध नव्हे. परंतु नोव्हेंबर २०१२ मध्ये बीपीने जे फौजदारी गुन्हे कबूल करण्याचे ठरविले, त्यांत ११ कामगारांच्या मृत्यूंबरोबरच संसदेच्या चौकशीत अडथळा आणल्याचाही गुन्हा होता. गळतीची मोठी अनुमाने हाताशी असताना कंपनीने ती संसदेपासून दडवली होती. असे का व्हावे? अमेरिकेच्या कायद्यात दंड पिंपामागे आकारला जातो. त्या वेळी तो साधारणतः पिंपामागे ११०० डॉलर आणि घोर निष्काळजीपणा ठरल्यास सुमारे ४३०० डॉलरपर्यंत होता. ज्याच्या हाती माप, त्याच्याच माथी दंड! असा तराजू आपल्या बाजारातील एखादी मासळीवालीसुद्धा चालू देणार नाही.

सरकारचे वर्तनही निर्मळ म्हणता येत नाही. ऑगस्ट २०१० मध्ये वॉशिंग्टनहून जाहीर झाले, की सुमारे तीन-चतुर्थांश तेलाची वाट लागली असून थोडेच उरले आहे. वस्तुतः त्यातील बरेच तेल 'विरघळले' वा 'विखुरले' या सदरांत मांडले होते. विखुरणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे, हे घरातील गृहिणीलाही ठाऊक असते. त्याच महिन्यात वुड्स होल या सागरविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुमारे ११०० मीटर खोलीवर ३५ किलोमीटर लांबीचा तेलांशांचा पट्टा आढळल्याचे प्रसिद्ध केले. लोकांचा धीर वाढावा म्हणून राष्ट्राध्यक्ष ओबामा फ्लॉरिडात आपल्या लेकीसह पाण्यात पोहले. त्याचे छायाचित्रही सर्वत्र छापले गेले. ते पाणी आखाताच्या खुल्या समुद्राचे नसून आतल्या खाडीचे होते, ही गोष्ट लोकांनी लगेच हेरली. पोहणे निरागस असेलही, पण विश्वास एकदा उडाला की निरागस कृतीलाही साक्षीदार लागतात.

आणि ज्यांचा विश्वास उडाला ते लोक कोण होते? लुइझियानात जिल्ह्याला आजही 'पॅरिश' म्हणतात. फ्रेंच व स्पॅनिश अमदानीतील ख्रिस्तसभेची ती खूण आहे. तेथे कोळंबीच्या हंगामापूर्वी धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात. आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना या प्रथेविषयी निराळे सांगावयास नको. १९७५ नंतर व्हिएतनाममधून परागंदा होऊन आलेली कित्येक कुटुंबेही तेथे कोळंबीवर जगतात. त्यांत कॅथॉलिक पुष्कळ. या लोकांची कोंडी फार विचित्र होती. समुद्रात अजून तेल आहे असे म्हणावे, तर त्यांची मासळी कोण विकत घेणार? आणि तेल संपले असे म्हणावे, तर नुकसानभरपाई कशाची मागणार? त्याच ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' हे जहाज दुसऱ्या जहाजावर आदळून तेल सांडले, तेव्हा आपल्याकडील मासळीबाजारावरही अशीच छाया पडली होती. खोटे बोलतो एक आणि संशयाची किंमत मोजतो दुसराच, हे येथे नीट ध्यानी घेतले पाहिजे. परीक्षेत स्वच्छ ठरलेली कोळंबीही गिऱ्हाईक परत पाठवीत होते.

भरपाईसाठी बीपीने २० अब्ज डॉलरचा निधी ठेवण्याचे मान्य केले. डिसेंबर २०१० पासून त्यातून एक सोपा मार्ग देऊ करण्यात आला: व्यक्तीने ५००० डॉलर किंवा व्यवसायाने २५,००० डॉलर तत्काळ घ्यावेत, फारशी कागदपत्रे मागणार नाही, मात्र पुढे कंपनीवर दावा करणार नाही असे लिहून द्यावे. घरात चूल पेटवायची असलेल्या माणसाने सही करावी, नाही तर काय करावे? पण ज्याने सही केली, त्याच्या दृष्टीने 'विहीर पुन्हा गळते आहे काय' हा प्रश्न कुतूहलाचा राहिला नाही. उद्या पुन्हा तेल आले, तर त्याचे हात बांधलेले होते.

अशा मनःस्थितीत ऑगस्ट २०११ मध्ये त्या जागेच्या आसपास पुन्हा तवंग दिसू लागला. कंपनीने सांगितले, विहीर गळत नाही. लांडग्याच्या गोष्टीत हाक 'आला रे' अशी होती. येथे ती उलटी होती: लांडगा नाही, खुशाल निजा. अलाबामातील एका वृत्तपत्राचे बातमीदार होडी घेऊन तेथे गेले आणि तरंगत्या तेलाचे नमुने घेऊन आले. लुइझियाना राज्य विद्यापीठाचे रसायनतज्ज्ञ एड ओव्हरटन यांनी ते तपासले. प्रत्येक तेलाची रासायनिक घडण माणसाच्या बोटांच्या ठशासारखी वेगळी असते. हा ठसा मकाँडोच्या तेलाशी जुळला. पाण्याखाली यंत्र पाठवून पाहिले, तर विहीर मात्र घट्ट बंद दिसली. सप्टेंबर २०१२ मध्ये तवंग पुन्हा उपग्रहचित्रात उमटला आणि या वेळी तटरक्षक दलानेच ठसा जुळल्याचे जाहीर केले. शोध घेता तळाशी पडलेल्या एका पोलादी घुमटातून तेल झिरपताना आढळले. मे २०१० मध्ये ओघ झाकण्यासाठी तो खाली सोडला होता आणि बर्फासारख्या स्फटिकांनी चोंदल्यामुळे बाजूला ठेवून दिला होता. घुमटाचे छिद्र बुजविले. तवंग तरीही येतच राहिला.

उत्तर २०१३ मध्ये आले. क्रिस्टोफर रेडी, डेव्हिड व्हॅलेंटाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तवंगातील तेलात ऑलेफिन नावाची संयुगे सापडली. ती भूगर्भातील तेलात नसतात. विहीर खोदताना वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम द्रवात असतात. बुजविलेल्या विहिरीतून ताजे तेल आले असते, तर त्यात हा द्रव मिसळला नसता. म्हणजे तेल येत होते ते बहुधा बुडालेल्या रिगच्या अवशेषांत कोंडलेल्या साठ्यातून. ११ माणसांना पोटात घेऊन बसलेली ती रिगच थेंबाथेंबाने वर येत होती.

मग बरोबर कोण होते? तेल मकाँडोचेच आहे, हा लोकांचा संशय खरा ठरला. विहीर गळत नाही, हे कंपनीचे म्हणणेही खरे ठरले. प्रामाणिक उत्तर दोन वर्षे सापडले नाही, कारण एका बाजूला ते फक्त 'नाही' एवढेच होते आणि दुसऱ्या बाजूला त्या 'नाही'चे मोल शून्यावर आले होते.

पुरेशा आधारावाचून दुसऱ्याचा दोष खरा मानणे हे आठव्या आज्ञेविरुद्ध आहे, असे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. मग आखातातील कोळ्यांनी पाप केले काय? आम्हांस तसे वाटत नाही. आधार होता, तो कंपनीनेच आपल्या पूर्वीच्या वागण्याने पुरविला होता. शेजाऱ्याच्या मनात काय आहे याविषयी तर्क करणे वेगळे आणि त्याच्या शब्दाला पुरावा मागणे वेगळे. पहिल्यात दुसऱ्याचा अपमान आहे. दुसऱ्यात केवळ सावधपणा आहे. ज्याने शब्द मोडला, त्याने पुढील प्रत्येक शब्दाबरोबर जामीन द्यायचा असतो, आणि त्या जामिनाचा भार ऐकणाऱ्यावर टाकता येत नाही.

परंतु संशयालाही शिस्त असावी लागते. बातमीदारांच्या होडीतील संशय नमुना मागत होता आणि नमुन्याने जे सांगितले असते ते मान्य करण्यास तयार होता. याच काळात दुसराही एक संशय हिंडत होता: समुद्राचा तळच फाटला आहे, तेल आता कधीच थांबणार नाही, सर्व तपास करणारे विकले गेले आहेत. त्याला कोणताही पुरावा पुरला नसता. यंत्राने दाखविलेले चित्र खोटे, रसायनतज्ज्ञाचा अहवाल खोटा. अशा संशयाला आम्ही श्रद्धेचीच विकृती म्हणू, कारण तोही काही तपासत नाही. विहीर बंद असल्याचे कळल्यावर ज्याला हायसे वाटण्याऐवजी चडफड होते, त्याने आपले मन एकदा चाचपून पाहावे. आणि हे लिहिताना आम्हांला त्या गिऱ्हाइकाची आठवण येते, ज्याने स्वच्छ कोळंबी परत पाठविली. तो कंपनीवर रागावला होता. शिक्षा कोळ्याला झाली.

एवढे असूनही संशयाचे पारडे आम्ही हलके करू इच्छित नाही, आणि त्याला कारण त्याच आखातातील दुसरी एक कथा आहे. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन वादळात समुद्रतळावरील चिखल घसरून टेलर एनर्जी या कंपनीचा तेलमंच कोसळला आणि वीसहून अधिक विहिरी चिखलाखाली गाडल्या गेल्या. तेथे स्फोट झाला नाही, दूरदर्शनवर ज्वाळा दिसल्या नाहीत, म्हणून कोणी संशयही घेतला नाही. २०१० मध्ये बीपीच्या तवंगासाठी उपग्रहचित्रे धुंडाळणाऱ्या स्कायट्रुथ या छोट्या संस्थेला तेथे दुसरीच एक तेलाची रेघ दिसली. कंपनी म्हणत होती, दिवसाला अवघे काही गॅलन, तेही चिखलात अडकलेले जुने तेल. २०१९ मध्ये सरकारी व विद्यापीठीय शास्त्रज्ञांनी मोजले, तर आकडा दिवसाला ९ ते १०८ पिंपांचा निघाला. त्याच वर्षी तळाशी बसविलेली यंत्रणा दिवसाला सुमारे १००० गॅलन तेल गोळा करू लागली. तोवर १४ वर्षे उलटली होती. डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने तडजोड केली, ४.३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आणि ४३.२ कोटी डॉलरचा निधी सरकारच्या स्वाधीन केला. चिखलाखालच्या विहिरींपैकी बऱ्याच तेव्हाही बुजवायच्या राहिल्याच होत्या.