दोष कुणाचा?

संसारात भांडण झाले की पहिला प्रश्न हाच येतो. शेजारी विचारतात, दोन्हीकडचे आईवडील विचारतात, आपणही मनात विचारतो. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने विचारणा केली तेव्हा आदामाने हव्वेकडे बोट दाखवले आणि हव्वेने सर्पाकडे. ही कला आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही.

एक घर डोळ्यांसमोर आणू या. ते आपल्या धर्मग्रामातील अमुक एकाचे नाही, पण अनेकांना ओळखीचे वाटेल. पती अंबरनाथच्या एमआयडीसीत पाळीवर जातो. पत्नी पहाटेची बदलापूर लोकल पकडून ठाण्याला नोकरीला जाते. फ्लॅटचा हप्ता दोघांच्या पगारातून जातो. रात्री ती विचारते, "हप्त्याच्या पैशांचे काय झाले?" तो टीव्ही लावतो. टीव्ही लागला की तिचा आवाज चढतो, आवाज चढला की तो चपला घालून नाक्यावर निघून जातो. तो म्हणतो, "ही कटकट करते म्हणून मी गप्प बसतो." ती म्हणते, "हे गप्प बसतात म्हणून मला ओरडावे लागते." दोघेही खरेच बोलत असतात.

मानसोपचारात नात्याकडे पाहणारी एक पद्धत आहे. स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात कॅनडात दांपत्यांसाठी तिचे एक रूप विकसित केले. तिच्यात समुपदेशक न्यायाधीश होत नाही. हे चक्र कुठून फिरू लागते आणि त्याखाली काय दडले आहे, हे तो दोघांसमोर उलगडतो. ओरडण्याखाली बहुधा भीती सापडते, की मी या घरात एकटी पडले. गप्प बसण्याखाली लाज सापडते, की मी पुरा पडत नाही. माणसाकडे समग्र दृष्टीने पाहणारे समुपदेशक झोप, पाळीची नोकरी, कर्ज, लहानपणीचे घर आणि श्रद्धा यांचीही चौकशी करतात. ती चौकशी योग्यच आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाच्या रागाचा विचार त्याच्या झोपेला वगळून कसा करणार?

इथे ख्रिस्ती मनाला एक शंका येते आणि ती हलकी नाही. प्रायश्चित्त संस्कारात आपण 'मी पाप केले' असे म्हणतो, 'आमच्यात पाप झाले' असे म्हणत नाही. दोष जर दोघांमधल्या चक्राचा असेल, तर कुणाचाच दोष उरत नाही. मग पश्चात्ताप कुणी करायचा?

आम्हाला वाटते, प्रत्यक्षात उलटे घडते. वरच्या घरातील पतीला आजवर आपले गप्प बसणे हे कृत्य वाटतच नव्हते. ते त्याच्या लेखी केवळ उत्तर होते. म्हणून विवेकपरीक्षेत ते कधी आलेच नाही. चक्र दिसल्यावर त्याला प्रथमच कळते की आपले मौन समोरच्याला लागते. पत्नीलाही आपल्या शब्दांची धार तशीच दिसते. कुसळ शोधणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसावे, असे प्रभू येशू सांगतो. ते दिसण्यासाठी कधीकधी तिसरा माणूस समोर बसावा लागतो. कारण समजले म्हणजे क्षमा मागण्यातून सुटका झाली असे नव्हे. नेमके कशाबद्दल क्षमा मागायची, ते मात्र कळते.

पण याला एक सीमा आहे आणि ती स्पष्ट सांगायला हवी. जिथे हात उचलला जातो, तिथे 'दोघांचाही थोडा थोडा वाटा' ही भाषा अन्यायाची होते. चक्राने भांडण समजते. मारणारा हात ज्याचा, जबाबदारी त्याचीच. अशा वेळी दोघांना एकत्र बसवणे धोक्याचे असते, कारण ती खोलीत जे खरे बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागेल. जाणता समुपदेशक आधी तिला वेगळे भेटतो. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५चा कायदा तिच्या पाठीशी आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये 'अमोरिस लेतित्सिया'त लिहिले की हिंसा आणि सततचा छळ असेल, तर वेगळे राहणे कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते. 'सहन कर, तुझा क्रूस आहे,' हा आपल्याकडचा ठरलेला सल्ला. देणाऱ्याला त्याचे काही पडत नाही.

"आम्ही काय वेडे आहोत का?" आणि "प्रार्थना पुरेशी नाही का?" हे दोन प्रश्नही नेहमीचे आहेत. पहिल्याचे उत्तर देण्याची गरज नसावी. दुसऱ्याबद्दल एवढेच, की मेषपालीय कार्यात मानसशास्त्राचा उपयोग करावा हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच सांगितले. आणि आपण बेचाळीस वर्षांचे असताना सहा महिने एका यहुदी मनोविश्लेषक बाईंकडे जात होतो, हे पोप फ्रान्सिस यांनीच २०१७ मध्ये उघड केले.

आपल्या भागातून पोहोचण्याजोगी ठिकाणे आहेत. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ मध्य रेल्वेवरच आहे. मुंबई महाधर्मप्रांताचे स्नेहालय कुटुंब सेवा केंद्र माहीमला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन करता येतो. त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. इतर कुणाकडे जाणार असाल तर शिक्षण काय झाले आहे आणि शुल्क किती आहे, हे आधीच विचारावे. त्यात संकोच नको.

बहुतेक घरांत एक जण यायला तयार नसतो, आणि तो सहसा पतीच असतो. तरी दुसऱ्याने थांबू नये. फुगडीत एकाने पाऊल बदलले की दुसऱ्याला आपला तोल नव्याने सांभाळावा लागतो. पहिल्या दोन-तीन भेटी एकट्यानेच होतात; तो पुढे कधी येतो, कधी येतही नाही.