नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

मराठींत नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें यांत एका मात्रेचें अंतर आहे. पहिल्यानें वस्तूची ओळख होते, दुसऱ्यानें तिचा दोष दाखविला जातो. तृणधान्यांतील नियामक प्रथिनांच्या बाबतींत शास्त्रज्ञांकडून हीं दोन्ही कामें एकदमच झालीं, आणि त्यांतून एक नीतीचा प्रश्न उभा राहिला: नांवावर हक्क कोणाचा, देणाराचा कीं घेणाराचा?

लातूर-नांदेडकडे ज्वारी, जोंधळा, शाळू हे शब्द चालतात, आणि बाजार अडत नाहीं. कारण घेणारा दाणा तळहातावर घेऊन पाहतो. हे दोन्ही जिल्हे ज्याच्या कार्यक्षेत्रांत येतात त्या परभणीच्या कृषि विद्यापीठाचा एसपीव्ही १४११ हा वाण शेतकऱ्यांकडे 'परभणी मोती' म्हणून गेला. तेथेंही घोटाळा नाहीं; दोन्ही नांवांची जोड नोंदलेली आहे. परंतु जी वस्तु हातांत येतच नाहीं, तिला धरावयास नांवाखेरीज दुसरी मूठ नसते.

झाडाची वाढ आवरून धरणारें एक प्रथिन घ्या. जिबरेलिन हें संप्रेरक आलें म्हणजे तें नष्ट होतें आणि झाड उंचावतें. गव्हांत त्याचें रूप असें बदललें कीं तें नष्ट होईना. झाड बुटकें राहिलें. १९६० नंतरच्या दशकांत भारतांत पसरलेल्या बुटक्या गव्हाचें बळ याच बदलांत होतें. त्या जनुकास 'उंची घटलेला' अशा अर्थाचें आरएचटी हें नांव मिळालें. भातांत आणि जवांत तेंच प्रथिन निकामी झालेलीं रोपें पुढें आलीं. तीं शेलाटीं आणि उंच. म्हणून तेथें 'सडपातळ' अशा अर्थाचीं नांवें पडलीं. मक्यांत त्यालाच 'बुटका ८' म्हणत. गहू-मक्याच्या या जनुकांचें नातें १९९९ सालीं उघड झालें. वस्तु एक आणि नांवें परस्परविरुद्ध! प्रत्येकानें तिचें कार्य न पाहतां आपल्यापुढें आलेला बिघाड तेवढा पाहिला होता.

२००९ सालीं ज्वारीच्या जनुकसंचाचें वाचन प्रसिद्ध झालें आणि हजारों जनुकें ओळखीच्या प्रतीक्षेंत उभीं राहिलीं. त्याच वर्षीं तृणकुलांतील अशा नियामक प्रथिनांसाठीं एक शिफारस पुढें आली: आधीं वनस्पतीचीं दोन अक्षरें, मग प्रथिनाच्या कुळाचें नांव, शेवटीं क्रमांक.

यावर कोणी म्हणेल कीं, क्रमांक हा निर्जीव. जुन्या नांवांत शोधकाचे श्रम आणि शोधाचा इतिहास आहे. हें खरें आहे. पण श्रमाचें श्रेय इतिहासांत लिहावें. त्यासाठीं मागून येणाराची वाट अडवूं नये. नांदेडचा एखादा विद्यार्थी ज्वारीची उंची अभ्यासूं लागला आणि भातावरचें काम निराळ्या नांवाखालीं दडलेलें राहिलें, तर झालेलेंच काम तो पुन्हा करील. त्यांत त्याच्या उमेदीचीं वर्षें जातील आणि लोकांचा पैसाही.

म्हणून आमच्या मतें नवें नांव सर्वांनीं पाळावें, आणि जुनें पुसून न टाकतां त्याच्या शेजारीं नोंदून ठेवावें. परभणी मोतीच्या बाबतींत जें साधलें तें प्रथिनांच्या बाबतींत असाध्य नाहीं. बारशाला नांव आत्या ठेवते. पण त्या नांवानें हांक सारा गांव मारतो.