पाहणे आणि नेणे

एखादी वस्तू तिच्या धन्यापेक्षा आपल्याला अधिक कळते, म्हणून ती उचलून नेण्याचा अधिकार आपल्याला मिळतो का? युरोपातल्या संग्रहालयांविषयी आपण हा प्रश्न नेहमी विचारतो. घारापुरीची लेणी समोर ठेवून तो विचारला, तर उत्तर तितके सरळ राहत नाही.

पोर्तुगिजांनी तिथला एक शिलालेख काढून पोर्तुगालला पाठवला. तिथे तो कोणाला वाचता आला नाही आणि पुढे हरवला. लेणी कोणी खोदवली, हा वाद अजून मिटलेला नाही. ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा हे नाव पडले, तो १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचे ठरले. उचलताना तो पडून फुटला. तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाच्या आवारात आहे.

या दोन घटनांच्या मधल्या काळात कार्स्टेन नीबूर तिथे येऊन गेला. डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने १७६१ मध्ये अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतला तो मोजणीदार. सहा जण निघाले होते. चित्रकार बाउरनफाइंड मुंबईच्या वाटेवर समुद्रात वारला, वैद्य क्रामर १७६४ मध्ये मुंबईत. नीबूर एकटा उरला. चित्रकार नव्हता, म्हणून त्याने स्वतः पेन्सिल हाती घेतली, लेण्यांची मापे घेतली, नकाशा काढला, मूर्ती रेखाटल्या. त्यांमागच्या कथा त्याला नीट ठाऊक नव्हत्या. जे दिसले ते त्याने कागदावर उतरवले. परतीच्या वाटेवर पर्सेपोलिसचे कीलाक्षरी लेखही त्याने असेच उतरवून घेतले. त्याला स्वतःला ते वाचता येत नव्हते. पण त्याच नकलांवरून १८०२ मध्ये ग्रोटेफेंडने त्या लिपीच्या उलगड्याची सुरुवात केली. मूळ दगड जागेवर राहिला आणि ज्ञान मात्र सगळ्यांचे झाले.

म्हणून नीबूरला साधू ठरवण्याचे कारण नाही. त्याच मोहिमेने हस्तलिखिते विकत घेतली, वनस्पतींचे नमुने कोपनहेगनला धाडले. डेन्मार्कची स्वतःची वसाहत तेव्हा तरंगमबाडीला होतीच. शिवाय दगड बोटीत घालणे त्या एकट्या माणसाला शक्यही नव्हते. तरीही एक गोष्ट उरते: समजून घेण्यासाठी ताबा लागत नाही, हे त्याच्या कामाने दाखवून दिले.

यावर ‘आम्ही नेले म्हणून वाचले’ हे उत्तर तयार असते. ते खोटे नाही, पण पुरतेही नाही. मध्य आशियातल्या बेझेक्लिकची भित्तिचित्रे जर्मनांनी कापून बर्लिनला नेली; त्यातली मोठी चित्रे दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात नष्ट झाली. त्याच बेझेक्लिकच्या भिंतींवरून ऑरेल स्टाइनने कापून आणलेली चित्रे आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. म्हणजे जनपथावर उभे राहून युरोपकडे बोट दाखवताना आपल्या पाठीशी कोणाची तरी भिंत आहे. ती चित्रे आपण आणली नाहीत, इंग्रज सरकारने आणवली, हे खरे. पण वारसा म्हणून घेताना आपण तो नाकारला नाही.

मग धर्म कोणता? प्रत्येक वस्तू उद्या परत करा, असे म्हणणे सोपे. घेणारा कोण आणि तिथे ती सुरक्षित राहील का, हे प्रश्न खरे आहेत. पण सांभाळणारा स्वतःला मालक समजू लागला, की वाचवल्याचा दावा पोकळ होतो. तो ऋणी आहे. वस्तू कशी आली हे तिच्या शेजारी स्पष्ट लिहिणे, तिची पूर्ण नोंद आणि चित्रे सर्वांना खुली करणे, जिथून ती आली तिथल्या अभ्यासकाला दार उघडणे, आणि परत मागितली गेली तर ते बोलणे नीट ऐकून घेणे, एवढे तरी त्याच्याकडून अपेक्षित आहे. लंडनकडे आपण हेच मागतो. दिल्लीनेही ते करायला हवे.