मारलं कोणी? गावाने

एप्रिल १४७६मध्ये स्पेनच्या कॉर्दोबा भागातल्या एका गावाने आपल्या कोमेंदादोरला ठार मारलं. कोमेंदादोर म्हणजे कालात्रावा या लढाऊ धार्मिक संघाचा तिथला अधिकारी. चौकशीत नाव एकच निघालं, गावाचं. या घटनेवर लोपे दे वेगाने लिहिलेलं नाटक १६१९ साली छापलं गेलं. त्याचं नावही गावाचंच, ‘फुएन्तेओवेहुना’.

ही नाटकं दरबारापुरती नव्हती. घरांच्या मधल्या उघड्या अंगणात, दिवसाउजेडी, पुढे उभ्याने बघणारी गोंगाटी गर्दी आणि बायकांसाठी वेगळा सज्जा. इंग्लंडमध्ये तेव्हा मुलगे बायकांची कामं करत, स्पेनमध्ये मात्र नट्या होत्या. म्हणजे लग्नाच्या दिवशी कोमेंदादोरने पळवून नेलेली लाउरेन्सिया केस विस्कटलेल्या अवस्थेत सभेत घुसून गावच्या पुरुषांची लाज काढते, तेव्हा तिथे खरीखुरी बाई उभी असायची. सज्जात काय झालं असेल!

त्यानंतर गाव वाड्यावर तुटून पडतं. राजाचा न्यायाधीश येतो, तीनशे माणसांचा छळ करतो, दहा वर्षांच्या मुलांनाही सोडत नाही. उत्तर तेच.

हे उत्तर खोटं आहे का?

आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना ते ओळखीचं वाटेल. रात्री दोनला सर्व्हर बसतो, सकाळी मीटिंग होते आणि रिपोर्टात ‘प्रोसेसमध्ये त्रुटी’ असं येतं. कोणा एका ज्युनियरचा बळी जाऊ नये म्हणून ही पद्धत आली आणि ती चांगलीच आहे. पण डेडलाइन रेटणारा वरचा माणूसही त्याच ‘प्रोसेस’मागे लपलेला मी पाहिलाय. सगळेच जबाबदार, म्हणून कोणीच नाही. मग फुएन्तेओवेहुना वेगळं कसं? तिथे हे वाक्य बोलणारा प्रत्येक जण त्याची किंमत स्वतःच्या हाडांनी मोजतो. आमच्याकडे ते बोलून आम्ही चहाला जातो.

मला या नाटकात सगळ्यात आवडतो तो मेंगो, गावचा विनोदी गडी. पहिल्या अंकात प्रेमावर वाद रंगतो, तेव्हा हा ठामपणे सांगतो की प्रेम असतं ते फक्त स्वतःवर. पुढे एका मुलीला वाचवायला जातो आणि चाबकाचे फटके खातो. न्यायाधीश येण्याआधी गावकरी उत्तराची चक्क तालीम करतात: म्हातारा एस्तेबान न्यायाधीश बनतो आणि आरोपी मेंगो. खऱ्या छळाची वेळ येते तेव्हा हा फुटणार असंच आपल्याला वाटतं. तो सांगतो म्हणतो, आढेवेढे घेतो आणि शेवटी गावाचंच नाव घेतो, तेही लाडाने लहान करून. त्याचं तत्त्वज्ञान बदललं असं तो कुठेही म्हणत नाही.

मला टोचतात ती दहा वर्षांची मुलं. खून करायचा हे मोठ्यांनी ठरवलं, गप्प राहायचं हेही मोठ्यांनीच. ‘आम्ही सगळे’ म्हणताना ज्यांना विचारलंच नाही, त्यांचीही सही आपण करून टाकतो. लोपे हा प्रश्न सोडवत नाही. पोरगं टिकतं याचा अभिमान तेवढा दाखवतो आणि पुढे जातो. इथे मी त्याच्या बाजूने नाही.

शेवटी राजा माफी देतो, पण गाव बरोबर होतं म्हणून नव्हे. गुन्हा गंभीर आहे, फक्त लेखी पुरावा नाही, म्हणून. १९३०च्या दशकात लोर्काने आपली फिरती नाटकमंडळी घेऊन हे नाटक गावोगाव नेलं, तेव्हा राजा-राणीचा भागच कापला. का, ते समजतं. राजा नसला की विजय पूर्ण गावाचा होतो. तरी मला लोपेचाच शेवट हवा. कारण त्यात खून खूनच राहतो, आणि राजासमोर उभा राहून मेंगो आधी स्वतःच्या पाठीची तक्रार करतो: फटके किती बसले आणि औषधपाण्यावर किती पैसे गेले.