ताण आणि पाला : वसंतपर्वानिमित्त चिंतन



वसंतपंचमी जवळ आली की दरवर्षी कुणीतरी एक प्रश्न विचारतेच. पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा. माघ-फाल्गुन हे महिने शिशिराचे. मग माघ शुद्ध पंचमीला, अंगावर शाल-स्वेटर असताना, वसंताचा सण कसा? गुढीपाडवा तर अजून पावणेदोन महिने लांब असतो. आपल्या पूर्वजांचे गणित चुकले की काय?

या प्रश्नाचे उत्तर मला जबलपूरच्या एका अंगणात, एका माळीकाकांकडून मिळाले. ते आज आपल्यापुढे ठेवावे असे वाटते.

नर्मदेकाठची थंडी

जबलपूरला मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. हा प्रदेश 1798 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि 1817 पर्यंत त्यांच्याकडे होता. पुढे मध्य प्रांताच्या काळात नोकरी, शिक्षण, रेल्वे यांच्या निमित्ताने अनेक घरे येथे स्थिरावली. ग्वारीघाटावर नर्मदेला दिवा सोडणारी आणि घरी गुढी उभारणारी ही माणसे.

येथली थंडी पुण्या-मुंबईच्या माणसाला ठाऊक नसते. पौषात काही रात्री पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो. पाटण, शहापुरा भागात त्या दिवसांत हिरव्या वाटाण्याची शेते उभी असतात. जबलपूरचा वाटाणा देशभर जातो. वाटाण्याला थंडी हवी असते. पण तो फुलोऱ्यात आणि शेंगेवर असताना रात्री आकाश निरभ्र राहिले, वारा पडला आणि तापमान चार अंशांच्या खाली गेले, तर पाला पडतो. सकाळी पाने उकडल्यासारखी काळपट दिसतात. एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते.

थंडी तीच. पण पिकाला वाढवणारी थंडी वेगळी आणि मारणारी वेगळी. हा भेद नीट लक्षात ठेवा. पुढचे सारे चिंतन त्यावरच उभे आहे.

अंगणातला मोगरा

आपल्या परिवारातील एक काकू जबलपूरला राहतात. त्यांचे यजमान दिवाळीनंतर अचानक गेले. निवृत्तीनंतर त्यांनी घराभोवती सुंदर बाग केली होती. गुलाब, शेवंती, मोगऱ्याच्या मोठ्या कुंड्या आणि मागच्या बाजूला त्याच पावसाळ्यात लावलेले आंब्याचे छोटे रोप.

तेराव्यानंतर मी भेटायला गेलो. सांत्वन करायचे म्हणून मला जे सुचले ते मी बोललो. म्हटले, "काकू, हे दुःख म्हणजे आपले तपच आहे. देव आपल्या माणसांचीच परीक्षा घेतो." काकू काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी चहा आणला, माझ्यापुढे ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत बसल्या. त्यानंतर साप्ताहिक जपाला त्यांचे येणे थांबले. त्यांचे मन अजून स्थिर झालेले नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. चूक माझी असेल, असे माझ्या मनातही आले नाही.

जानेवारीत पुन्हा गेलो, तेव्हा अंगणात काकू माळीकाकांवर रागावलेल्या होत्या. मोगऱ्याची पाने पिवळी पडून गळत होती. कुंड्यांतली माती कोरडी ठणठणीत. काकू म्हणाल्या, "साहेब गेले आणि तू त्यांच्या मोगऱ्याचं पाणीसुद्धा बंद केलंस?"

माळीकाका शांतपणे म्हणाले, "अम्माजी, साहेबच दरवर्षी या दिवसांत पाणी तोडायला सांगायचे. आत्ता पाणी देत राहिलो तर नुसती पानं येतील. थोडे दिवस तहानलेला ठेवायचा, मग छाटायचा, खत घालायचं आणि पाणी सोडायचं. तेव्हा उन्हाळ्यात फूल धरतो."

काकूंनी मागच्या आंब्याकडे बोट दाखवले. त्या रोपावर माळीकाकांनी भाताच्या पेंढ्याचे छोटे छप्पर केले होते आणि बुंध्याची माती ओली होती. "मग त्याला का रोज संध्याकाळी पाणी घालतोस? त्यालाही ठेव तहानलेला!"

माळीकाका म्हणाले, "त्याला पाला मारील, अम्माजी. मोगऱ्याचं पाणी मी तोडलंय, ते माझ्या हातात आहे. कधी सोडायचं ते मला माहीत आहे. पाला कुणाच्या हातात नाही. त्याच्यापासून वाचवावंच लागतं."

परिजनहो, मी तेथे उभा होतो आणि खाली मान घालून ऐकत होतो. दोन महिन्यांपूर्वी मी जे बोललो होतो, त्यातली चूक मला त्या क्षणी उमगली. काकूंवर पाला पडला होता आणि मी त्याला तप म्हणून मोकळा झालो होतो.

ताण कशाला म्हणायचे

विदर्भातील संत्रा बागायतदारांना हे वेगळे सांगायला नको. आंबे बहार धरायचा म्हणजे डिसेंबरच्या सुमारास झाडाचे पाणी तोडायचे. पाने मलूल होतात, काही गळतात. यालाच शेतकरी 'ताण देणे' म्हणतात. झाडाची वाढ थांबते, अन्न फांद्यांत साठते. जानेवारीत खत-पाणी देऊन ताण तोडला की झाड पांढऱ्या फुलांनी भरून जाते. आंब्याचेही असेच आहे. हिवाळ्यातल्या गार रात्री मिळाल्या तर फांदीच्या टोकाला पालवीऐवजी मोहोर येतो.

आज 'ताण' हा शब्द आपण नको त्या गोष्टीसाठी वापरतो. कामाचा ताण, मुलांच्या परीक्षेचा ताण. शेतकऱ्याच्या तोंडी मात्र तोच शब्द बहाराची पूर्वतयारी सांगतो. दोन्हींत फरक कोणता? तीन गोष्टींचा.

पहिली, ताण हेतूने दिलेला असतो. दुसरी, त्याला माप असते. हलक्या जमिनीत तो कमी दिवसांचा, भारी काळ्या जमिनीत अधिक दिवसांचा. माप चुकले तर फांद्या वाळतात, झाडावर सल वाढते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ताण ठरलेल्या वेळी तोडायचा असतो. ताण देऊन विसरून जाणारा बागायतदार नव्हे.

साधनेतील तप हे असे आहे. आपण स्वतःहून पत्करलेले, आपल्या शक्तीप्रमाणे मोजलेले आणि फळाकडे नेणारे. एक वेळचे अस्वाद व्रत, पहाटे अर्धा तास लवकर उठणे, दिवसातून दोन तास मौन, मोबाईल बाजूला ठेवून स्वाध्याय. यातून इकडे-तिकडे वाहून जाणारी शक्ती आत साठते. ज्याने काहीच तोडले नाही, त्याच्या जीवनात पाने पुष्कळ येतात. वरून सारे हिरवेगार दिसते. पण बहार धरत नाही.

चोवीस वर्षांचा शिशिर

परमपूज्य गुरुदेव पं. श्रीराम शर्मा आचार्य यांच्या जीवनात वसंतपंचमीचे स्थान आपण जाणतो. 1926 च्या वसंतपंचमीला, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांना मार्गदर्शक सत्तेचे दर्शन झाले आणि अखंड दीप प्रज्वलित झाला. त्या दिवसाला आपण त्यांचा आध्यात्मिक जन्मदिवस मानतो. पण त्या दिवशी त्यांना काय मिळाले? फळ मिळाले नाही. मिळाला तो चोवीस वर्षांचा नियम. चोवीस लक्ष जपाचे एक, अशी चोवीस गायत्री महापुरश्चरणे. वर्षाला एक धरले तर दिवसाचा जप सरासरी साडेसहा हजारांहून अधिक होतो. आहार जवाची भाकरी आणि ताक. त्याची पूर्णाहुती 1953 मध्ये मथुरेच्या गायत्री तपोभूमीत झाली. ज्याला आज आपण विशाल परिवार म्हणून पाहतो, तो बहार त्यानंतरचा.

जबलपूर-नरसिंहपूर भागात शेतीची एक जुनी पद्धत आहे. तिला हवेली म्हणतात. शेताला उंच बांध घालून पावसाळाभर पाणी अडवून ठेवायचे. इतरांची खरिपाची पिके डोलत असतात, तेव्हा हे शेत नुसते पाण्याखाली असते. पाहणाऱ्याला वाटावे, जमीन वाया गेली. पावसाळा संपला की पाणी सोडून देतात आणि त्या मुरलेल्या ओलीवर हरभरा, मसूर, गहू पेरतात. वरून पाणी न देताही पीक येते. गुरुदेवांची चोवीस वर्षे अशीच होती. लोकांना थांबलेले पाणी दिसले असेल. खाली ओल मुरत होती.

वसंताचा सण शिशिरात का, याचे उत्तर येथे आहे. माळ्याच्या दृष्टीने वसंताची सुरुवात फूल उमलते त्या दिवशी होत नाही. ती थंडीत होते, झाड बोडके दिसत असताना. जबलपूरच्या रानातला पळस पाहा. पाने झडली की मग तो केशरी फुलांनी पेटतो. वसंतपंचमी हा फुलांचा सण आहेच, पण त्याआधी तो संकल्पाचा सण आहे.

पाल्याच्या रात्री

आता दुसरी बाजू. अकाली मृत्यू, आजार, नोकरी जाणे, घरात व्यसन शिरणे, हा पाला आहे. तो कुणी मोजून दिलेला नसतो. अशा वेळी दुःखी माणसासमोर जाऊन "हे तुमच्या भल्यासाठीच आहे" असे म्हणणे हे अध्यात्म नव्हे. स्वतःच्या दुःखाला तप म्हणण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याच्या दुःखाला तप म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तेथे आपले काम एकच, पेंढा घेऊन जाणे.

वाटाण्याचे शेतकरी पाल्याच्या रात्री काय करतात? संध्याकाळी हलके पाणी देतात, कारण ओली जमीन दिवसाची ऊब रात्री हळूहळू सोडते. मध्यरात्री बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात. धूर एका शेतात थांबत नाही, तो शेजारच्या शेतावरही पसरतो. म्हणून ही रात्र सारे मिळून जागवतात. यालाच आपण सेवा म्हणतो. आपला रोजचा एक तासाचा समयदानाचा नियम म्हणजे हाच धूर होय.

आम्ही काकूंकडे पुन्हा गेलो, ते यावेळी उपदेश न करता. एका भगिनीने आठवडाभर रात्री त्यांच्याकडे मुक्काम केला. एकाने निवृत्तिवेतनाचे कागद पुढे नेले. मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही वाईट हेतूनं बोलला नव्हता. पण त्या दिवशी मला कुणी नुसतं शेजारी बसायला हवं होतं."

वसंतपंचमीला त्यांनी स्वतः मोगऱ्याची छाटणी करून घेतली, कुंड्यांत शेणखत घातले आणि पहिले पाणी आपल्या हाताने सोडले. दुःख सरले असे मी म्हणणार नाही, त्याही म्हणत नाहीत. पण कळी धरली का ते पाहायला त्या रोज सकाळी अंगणात जाऊ लागल्या.

या वसंतपर्वाचा संकल्प

साधना, स्वाध्याय, संयम आणि सेवा ही चार सूत्रे आपल्याला दिलेली आहेत. या वर्षी त्यांना माळ्याच्या नजरेने पाहू या.

साधना आणि स्वाध्याय हे नित्याचे खत-पाणी. ते थोडे असले तरी चालेल, पण नेमाचे हवे. संयम म्हणजे ताण. एकच गोष्ट निवडा, तिचे माप ठरवा आणि वसंतपंचमीपासून गुढीपाडव्यापर्यंत पाळा. शक्तीबाहेरचे व्रत घेऊ नका. आपली जमीन हलकी की भारी हे आपणच ओळखावे. आणि सेवा म्हणजे पाल्याच्या रात्रीची जाग. आपल्या गल्लीत, नात्यात, कार्यालयात कुणाच्या घरावर पाला पडला आहे ते पाहा आणि त्या एका घराची पाडव्यापर्यंत साथ धरा.

शेवटी, आंब्याच्या रोपावरचे ते पेंढ्याचे छप्पर आठवा. तिन्ही बाजूंनी ते झाकलेले होते. दक्षिण-पूर्वेची बाजू मात्र माळीकाकांनी मुद्दाम उघडी ठेवली होती, सकाळचे ऊन आत यावे म्हणून. गायत्रीचे उपासक आपण सवितादेवतेचे ध्यान करतो. दुःखात माणूस स्वतःला सर्व बाजूंनी झाकून घेतो, ते स्वाभाविकही आहे. फक्त एक बाजू उगवत्या सूर्याकडे उघडी राहू द्यावी. ज्याला स्वतःला ती उघडता येत नसेल, त्याचा पेंढा आपण हलक्या हाताने बाजूला सारावा.

सर्व परिजनांना वसंतपर्वाच्या मंगल शुभेच्छा.