खोडलेलं रीडिंग

दार लावून घे आणि बस. ड्राफ्टचं नंतर बघू, आधी वही उघड. तेवीस तारखेचं पान. ही आडवी रेघ मारलेली तीन रीडिंगं कशाची आहेत? दीड नॅनोमीटरच्या नमुन्याची. समासात लिहिलंयस, ‘इलेक्ट्रोड नीट नव्हता’. तो नीट नव्हता हे तुला रीडिंग घ्यायच्या आधी कळलं की आकडा कमी आल्यावर? आणि तिन्ही वेळा तो तितकाच बिघडला होता?

अरे, फ्युएल सेलवरचा सबंध ड्राफ्ट तू एका वाक्यावर उभा केलास: प्लॅटिनमचा कण जितका बारीक, तितका कॅटॅलिस्ट चांगला. तीन नॅनोमीटरच्या कणांना ग्रॅममागे साधारण 93 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, दीडच्या कणांना 186. हा हिशेब बरोबर आहे. पण ऑक्सिजन येऊन बसतो तो एकेका अणूवर, आणि तो अणू कणावर कुठे आहे हे तू एकदाही विचारलं नाहीस.

फळ्यापाशी ये. 55 अणूंचा कण काढ, घनाचे आठही कोपरे छाटल्यावर होतो त्या आकाराचा. जेमतेम 1.2 नॅनोमीटर. पृष्ठभागावर किती अणू? 42. त्यातले कडांवर आणि कोपऱ्यांवर किती? बोट लावून मोज. 36. उरले सहा, ते चौकोनी पैलूंच्या मधोमध. त्रिकोणी पैलूंच्या आत एकही नाही. आता 1415 अणूंचा घे, साडेतीन नॅनोमीटरच्या आसपासचा. पृष्ठभागावर 492, आणि त्यातले 336 सपाट पैलूंवर. त्रिकोणी पैलूच्या आतल्या अणूला नऊ शेजारी असतात, कोपऱ्यावरच्याला पाचच. शेजारी कमी म्हणून तो ऑक्सिजनला घट्ट धरतो, हायड्रॉक्सिल सोडत नाही, आणि जागा अडून राहते. पृष्ठभाग वाढला, पण कामाचा अणू कमी झाला. म्हणून ग्रॅममागची क्रियाशीलता तीन-चार नॅनोमीटरच्या सुमारास सर्वांत जास्त मिळते आणि त्याखाली घसरते. किनोशिता यांनी 1990 मध्ये हेच मांडलं. तो पेपर तुझ्या संदर्भसूचीत आहे, मग वाचला का नाहीस? तुझी खोडलेली तिन्ही रीडिंगं तेच सांगत होती.

वाद नाही असं मी म्हणत नाही. जपानमध्ये वातानाबे यांनी म्हटलं होतं की फरक कणाच्या आकारानं नाही, दोन कणांमधल्या अंतरानं पडतो. मग तूही तसं मांड, भांड माझ्याशी, मला आनंद होईल. पण भांडायला रीडिंग शिल्लक लागतं.

आकाराचा आकडा तरी कुठून आणलास? टीईएम सूक्ष्मदर्शकाच्या एका फोटोतल्या 41 कणांवरून, तेही फोटोच्या एकाच कोपऱ्यातले, जिथे कण सुटे दिसतात तिथले. शेजारचा पुंजका मोजलाच नाहीस. क्ष-किरणांच्या एक्सआरडी चाचणीत शिखर रुंद आलं म्हणून कण बारीक ठरवलास, पण यंत्राची स्वतःची रुंदी वजा केली नाहीस. ती वजा केलीस की कण मोठा निघेल. शिवाय त्या पद्धतीत मोठ्या कणांचा भार जास्त पडतो, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जायचं नसतं.

आणि टिकाऊपणावर एक ओळ नाही! फ्युएल सेल गाडीत बसला की प्रत्येक वेगवाढीला व्होल्टेज खालीवर होतं. सर्वांत बारीक कण आधी विरघळतात, आणि ते प्लॅटिनम मोठ्या कणांवर जाऊन बसतं नाहीतर पटलात शिरून वाया जातं. ज्या कणाचं तू कौतुक लिहिलंस, तोच पहिला संपतो. इतक्या महाग धातूबद्दल लिहिताना हे सुचू नये?

हुशार आहेस म्हणून मला जास्त लागलं. नमुना तू सुरेख बनवलास, एवढे बारीक कण आपल्या प्रयोगशाळेत कुणाला जमले नव्हते. ते जमलं, आणि त्यानं दिलेलं उत्तर मात्र तुला ऐकवेना.

उद्या सकाळी पर्क्लोरिक आम्ल नवं घे. ग्लासी कार्बन घासून आरसा होईपर्यंत कॅटॅलिस्टच्या शाईचा थेंब टाकायचा नाही, आणि थर वाळताना कडेला गोळा झाला तर पुसून पुन्हा. इलेक्ट्रोडचे मिनिटाला 1600 फेरे, 0.9 व्होल्ट, दीडचा नमुना आणि तीनचा नमुना, प्रत्येकी पाच वेळा. मी शेजारी उभी राहीन. टीईएमचे निदान 300 कण, वेगवेगळ्या जागांचे.

आणि ही रेघ तशीच राहू दे. तिच्याखाली लिही की रीडिंग ग्राह्य आहे, आजची तारीख घाल आणि सही कर. हे घे पेन.